गवताचा बापूस

दर रविवारी जेवणं झाली की मी रत्नागिरीला फोन लावते. जपानमध्ये दुपार असते, तिकडे सकाळ असते, आणि आमची आतेआजी न्हाऊन-माखून खुर्चीत तयार बसलेली असते. आतेआजी म्हणजे माझ्या बाबांची आत्या, आजोबांची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या पुढे. कान गेलेत, पण हवं ते बरोबर ऐकू येतं असं आई म्हणते. खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे असते आणि भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, त्यामुळे मला एकाच चौकटीत दोघं भावंडं दिसतात. तिऱ्हाइताला वाटेल, काय माया आहे बघा. प्रत्यक्षात ती जागा आजीने मुद्दाम निवडली होती, कारण तिथे बसलं की फोटोकडे पाठ होते.

तिचे यजमान गेल्यावर बाबा तिला घरी घेऊन आले, तेव्हा उंबरठ्यातच तिने अट घातली. "तुझ्या बापाकडे तोंड करून मला बसवायचं नाय." मूलबाळ नसलेली म्हातारी बाई, जाणार कुठे, पण अट मात्र घालणार. बाबांनी मान डोलावली. आमच्या घरात असल्या अटींवर कोणी वाद घालत नाही, कारण त्या कशावरून आल्या हे सगळ्यांना माहीत असतं.

मागच्या वर्षी पाडव्याच्या सुमारास अशाच एका फोनवर तिने एकदम विचारलं, "तू त्या जपानातच आहेस ना गो अजून?"

"हो आजी. कितीतरी वर्षं झाली की."

"मग माझा बापूस शोध."

येताना कोपऱ्यावरून कोथिंबीर आण म्हणावं, तशा आवाजात. मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "तो मला आता भेटायचा नाय, येवढं मला कळतं. मला एकच सांग. दादाने गवत पेटवलं, तेव्हा बापूस जिवंत होता की मेलेला?"

ते गवत काय, ते सांगायला हवं.

माझे पणजोबा परदेशी बोटीवर खलाशी होते. डेकवरचं काम. गंज खरवडायचा, रंग मारायचा, दोर ओढायचे. आतेआजी पाळण्यात होती तेव्हा ते एका सफरीवर गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्याबरोबरचा एक गाववाला पुढे घरी आला. त्याने पणजीला सांगितलं की बोट 'याकोहामा' बंदराला लागली होती, तिथे हा उतरला, आणि बोट सुटली तेव्हा हा बोटीवर नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं. बाकीचं गावाने पुरवलं. त्याने तिकडे जपानीण ठेवली, त्याला पोरं झाली, रेशमाचं दुकान आहे, वगैरे. पणजी यातलं काही ऐकून घेत नसे. ती रोज कुंकू लावायची आणि नवऱ्याबद्दल बोलायचंच झालं, तर त्याच्या हातावरच्या मारुतीबद्दल बोलायची. पणजोबांनी कुठल्याशा जत्रेत डाव्या हातावर मारुती गोंदवून घेतला होता. गोंदणाऱ्याने शेपूट काढायला घेतली आणि ती थांबेना, पार कोपरापर्यंत गेली. आजीला बाप आठवत नव्हता, पण ती शेपूट पाठ होती.

बारा वर्षं झाली. माणूस बेपत्ता होऊन एवढी वर्षं लोटली की त्याचा पुतळा करून जाळतात, मग त्याचं पुढचं सगळं करता येतं. चुलत्यांनी भटजींना आणलं. दर्भ आणि पळसाची पानं घेऊन माणूस बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि घरामागच्या खाडीच्या काठावर नेऊन माझ्या आजोबांच्या हाताने त्याला अग्नी दिला. आजोबा सोळा वर्षांचे होते. घरी आल्यावर पणजीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. लहानगी आजी परसातल्या विहिरीच्या कठड्याआडून खाडीवरचं आणि घरातलं, दोन्ही बघत होती. तिला एवढंच कळलं, की सकाळपर्यंत आपल्याला बाप होता आणि दादाने काडी लावल्यावर नाही.

"जिवंत बापूस जाळलान दादाने," ती म्हणायची. "गवताचा म्हणून काय झालं."

त्यानंतर तिने आजोबांना कधी ओवाळलं नाही. भाऊबीजेला आजोबा साडी घेऊन तिच्या सासरी जात. ती साडी ठेवून घेई, पोटभर जेवायला वाढी, पण निरांजन काही बाहेर येत नसे. आजोबाही मागत नसत. आणि आजोबांची एक खोड होती, ती मला फार उशिरा उलगडली. ते काडेपेटीला हात लावत नसत. संध्याकाळी देवाचा दिवा लावायला ते मला हाक मारत, मी नसले तर आईला, कोणीच नसलं तर शेजारच्या काकूंना. मला वाटायचं, मला मान देतायत. मी मोठ्या तोऱ्यात काडी ओढायची आणि ते भिंतीकडे बघत उभे राहायचे.

तर, पणजोबांना शोधायचं. मी नोकरीने सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका हुडकायचा मला पगार मिळतो. पण घरात माझी ख्याती वेगळी. मला तंद्री लागते. भाजी परतता परतता लागते, गाडीत लागते, मीटिंगमध्येही लागते. आम्ही राहतो हिगाशी-कसाईला, तोक्योच्या पूर्वेच्या कडेला. ज्या मातीवर आमच्या इमारती आहेत तिथे पूर्वी समुद्र होता, ओहोटीला लोक शिंपल्या वेचत, असं इथले म्हातारे सांगतात. हे कळल्यापासून मला बाल्कनीत कपडे वाळत घालतानाही कधीकधी खालून पाणी जातंय असं वाटतं. नवरा म्हणाला, "तुला पणजोबा सापडतील गं. घराच्या किल्ल्या तेवढ्या सापडायच्या नाहीत."

सुरुवात मी जनगणनेपासून केली. जुन्या जनगणनेची जाडजूड पुस्तकं आता इंटरनेटवर आहेत. मला वाटलं होतं घराघरातल्या माणसांची नावं असतील, वय, धंदा, सगळं. इंग्लंडात तशी जपून ठेवलेली असतात म्हणे. आपल्याकडे माणसं मोजली, आकडे काढले आणि कागदांची वासलात लावली. आमच्या तालुक्याच्या पानावर नुसत्या बेरजा. इतक्या बायका, इतके पुरुष. बायका खूप जास्त, कारण पुरुष मुंबईला गिरण्यांत नाहीतर बोटींवर. मी त्या दोन रकान्यांकडे बराच वेळ बघत बसले. पणजोबा दोन्हींपैकी कशात नव्हते. ते मधल्या वजाबाकीत होते, आणि त्यांच्यासोबत अर्ध्या तालुक्याचे बाप-नवरे. एकदम गर्दी झाली तिथे.

मग योकोहामा. तिथल्या टेकडीवर परदेशी लोकांची जुनी दफनभूमी आहे. बंदरावर मेलेले कप्तान, व्यापारी, मिशनरी, खलाशी तिथे पुरलेत, आणि कोणाला कुठे पुरलं त्याच्या नोंदी आहेत. मी कितीतरी शनिवार तिकडे जात राहिले. गाडी बदलून तास-सव्वा तास लागतो, आणि मला उभ्याउभ्याही डुलकी येते. डोळे मिटले की दर वेळी तेच दिसायचं. एक माणूस, पाठमोरा, धक्क्यावरून चाललाय, आणि मी त्याच्या मागे, पण मध्ये तिकिटाचं फाटक आहे आणि माझं कार्ड काही केल्या वाजत नाही. इतक्यात स्टेशन यायचं.

टेकडीवर फार सुंदर आहे, हे मान्य केलं पाहिजे. शेवाळलेले क्रूस, त्यांवर निजलेली मांजरं, खाली बंदरातल्या क्रेन. कचेरीतले गृहस्थ अतिशय अदबीने नोंदी दाखवायचे. मी एकेक ओळ बोटाने वाचत जायची आणि मनात म्हणायची, नसू दे रे देवा. पुरलेल्यांच्या नोंदी धुंडाळायच्या आणि आपलं माणूस त्यात निघू नये म्हणून हात जोडायचे, असं करणारी तिथे मी एकटीच असेन. आजीने ते विचारलं नव्हतं, तिला फक्त जिवंत की मेलेला एवढंच हवं होतं. पण बाबांना आणि मला ते आतून कुरतडत होतं. आपल्या माणसाला परक्या मातीत गाडलं, त्याला अग्नीसुद्धा मिळाला नाही, हे म्हातारीला सांगणार कोण?

तिथे ते नव्हते. मी हलक्या पायांनी टेकडी उतरले आणि चायनाटाऊनमध्ये शाकाहारी काही मिळेना म्हणून नुसता चहा पिऊन घरी आले.

"नाही सापडले आजी."

"बरं. शोध आणखी," ती म्हणाली, आणि आईने केलेल्या घावनांत मीठ कमी होतं अशी तक्रार करायला लागली.

पुढचं सगळं कळलं ते सेनपाईमुळे. ऑफिसात आपल्याआधी आलेल्या थोरल्या माणसाला इथे सेनपाई म्हणतात. माझी सेनपाई साठीला टेकलेली, एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई. आम्ही एकमेकींचे डबे चाखतो, तेवढी दोस्ती. तिची आई गेली. भावंडं नाहीत, नातलग दोन-चार, म्हणून तिने मला शेवटपर्यंत थांबशील का विचारलं. दहनगृहात सगळे एका खोलीत चहा पीत बसलो, आणि मग बोलावणं आलं. बाहेर काढलेल्या ट्रेवर नुसती पांढरी हाडं. लांब काड्यांनी दोघांनी मिळून एक हाड उचलायचं आणि कलशात ठेवायचं, अशी इथली रीत. सेनपाईने माझ्याकडे बघितलं. आपल्याकडे अस्थी सावडायला बायकांना कुठे नेतात? मी काड्या हातात घेतल्या. आम्ही दोघींनी तिच्या आईचं एक लहानसं हाड उचललं, अजून कोमट होतं ते, आणि कलशात सोडलं. काचेवर चमचा वाजावा तेवढाच आवाज झाला.

परतीच्या गाडीत मी वेड्यासारखं विचारलं, "इथे सगळ्यांनाच जाळतात?"

"सगळ्यांना," ती म्हणाली. "पूर्वीही शहरात पुष्कळांना जाळत."

आता बोला. इतकी वर्षं या देशात राहतेय, आणि जाळणाऱ्यांच्या देशात मी पुरलेल्यांच्या याद्या वाचत बसले होते. परदेशी माणूस म्हणजे क्रूस आणि दगड, हे डोक्यात इतकं पक्कं. मी तिला सगळी हकीकत सांगितली. खलाशी, याकोहामा, गवत, आजी. ती खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, की टेकडीवर जागा मिळायला मागे कोणीतरी विचारणारं लागतं, कंपनी, वकिलात, चर्च. ज्याचं कोणीच नाही तो "वाटेत मेलेला माणूस". अशा माणसासाठी नगरपालिका सरकारी गॅझेटमध्ये सूचना छापते. अमुक ठिकाणी, अमुक वयाचा, अमुक कपड्यांतला माणूस मेला. त्याच्या नातेवाइकांनी येऊन चौकशी करावी. आजही छापतात.

मी घरी आले ती थेट अंथरुणात शिरले आणि छताकडे बघत राहिले. म्हणजे आम्ही इकडे त्यांना जाळून मोकळे झालो, आणि तिकडे कोणीतरी आम्हाला बोलावत होतं. सरकारी भाषेत का होईना, या म्हणत होतं.

जुनी गॅझेटं आता कॉम्प्युटरवर बघता येतात, पण त्यांची जपानी माझ्या आवाक्यातली नाही. सेनपाई जेवणाच्या सुट्टीत वाचायची. मी पोळी-भाजीचा रोल खायची, ती भाताच्या गोळ्याचा घास घेत स्क्रीनवर बोट फिरवायची. पुलाखाली सापडलेली म्हातारी. देवळाच्या ओट्यावर निजलेला सुतार. पाठीवर बाळ बांधलेली बाई. कोणाच्या अंगावर काय होतं, खिशात काय होतं, उंची किती, दात किती. नाव नाही म्हणून कारकुनांनी बाकी सगळं लिहून ठेवलेलं. हळूहळू ती माणसं माझ्या तंद्रीत यायला लागली. संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना नदीच्या बांधावर ती ओळीने बसलेली असायची, आपापल्या कपड्यांत, पाण्याकडे बघत. भीती वाटायची नाही. उलट कोणीतरी आपली वाट बघतंय असं बरं वाटायचं.

पावसाळा संपत आला होता. इथला पावसाळा, चिकट आणि बेचव. सेनपाई वाचता वाचता थांबली.

"हे विचित्र आहे," ती म्हणाली. "हिंदी माणूस असावा, नाव माहीत नाही. वय पस्तीसच्या आसपास. धक्क्याजवळच्या गोदामात आजारी सापडला, फुप्फुसाच्या आजाराने मेला. खलाशाचा जाड कोट, एक पितळी भांडं. आणि डाव्या हातावर गोंदलेलं चित्र आहे. माकड. तळहातावर दगड उचलून धरलेलं माकड. शेपूट लांब, कोपरापर्यंत गेलेली." तिने माझ्याकडे पाहिलं. "माकडाने दगड कशाला उचललाय?"

मला आधी हसू फुटलं, ते आवरेना, आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. पलीकडच्या टेबलावरचे लोक विनम्रपणे दुसरीकडे बघायला लागले.

"ते माकड नाही, देव आहे," मी तिला सांगितलं. "आणि तो दगड नाही, डोंगर आहे."

"डोंगर कशाला?"

"औषध आणायला पाठवलं होतं त्याला. झाड ओळखता येईना, म्हणून डोंगरच उचलून आणला."

ती विचारात पडली. मग तिने विचारलं, "मिळालं का औषध?"

"ज्याच्यासाठी आणलं त्याला मिळालं," मी म्हटलं.

सूचनेवर तारीख होती. ते घरून निघाले त्याच्या पुढच्याच हिवाळ्यातली. आजी तेव्हा रांगत असणार. जपानीण नव्हती, रेशमाचं दुकान नव्हतं. बोट चुकली की आजारी म्हणून त्यांना उतरवून दिलं, ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि आता कळणारही नाही. पण गावात लोक त्यांची जपानी पोरं मोजत होते, पणजी कुंकू लावत होती, त्या सगळ्या काळात ते नव्हतेच. आजोबांनी गवत पेटवलं तेव्हा तर त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आजीला हवं होतं ते उत्तर माझ्या हातात होतं.

पण सेनपाईचं वाचून व्हायचं होतं. शेवटची ओळ तिने जरा हळू आवाजात वाचली. प्रेत महापालिकेच्या सामायिक दफनभूमीत तात्पुरतं पुरलं आहे.

तात्पुरतं, म्हणजे नातेवाईक येईपर्यंत. तेव्हा बेवारशी माणसाला असं पुरून ठेवत, ती म्हणाली, कोणी आलंच तर देता यावं म्हणून. तिने माझ्यासाठी महापालिकेत दोन-तीनदा फोन केले. ती दफनभूमी पुढे सपाट करून तिथे घरं बांधली. सगळ्यांची हाडं काढली की नाही, काढली तर कुठे नेली, कशाचीही नोंद नाही. बहुधा तिथेच असतील, असं फोनवरचे गृहस्थ फार वाईट वाटून म्हणाले.

मी एका सकाळी तिकडे जाऊन आले. बस चढावर चढत जाते आणि एका वळणावर सोडते. तिथे घरं होती, साधी, दुमजली. बाल्कन्यांवर गाद्या उन्हात टाकलेल्या. एक पेयांचं मशीन, एक बाक, कुत्रं फिरवणारा एक म्हातारा. मी मशीनमधून गरम चहाचा डबा घेतला आणि बाकावर बसले. घरांच्या मधून खाली बंदराचा तुकडा दिसत होता. ऊन कोवळं होतं, आणि तंद्री लागायला मला तेवढं पुरतं. ते शेजारी येऊन बसले. जाड कोट, मांडीवर तांब्या. कारकुनाने पितळी भांडं लिहिलं होतं, पण तांब्याच असणार, दुसरं काय. मी त्यांना म्हटलं, उशीर झाला आम्हाला. तुमची धाकटी आहे अजून, नव्वदीची आहे, घावनांत मीठ कमी पडलेलं तिला चालत नाही. ते बंदराकडे बघत होते. बाही खाली ओढलेली होती, त्यामुळे मारुती दिसत नव्हता. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने वाट बघितली, मी मानेने नाही म्हटलं. पिशवीतल्या बाटलीतलं पाणी बाकामागच्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि पुढच्या बसने टेकडी उतरले.

बाबांना आधी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मेले कधी ते सांग. पुरलं ते नको सांगूस. जाळलं म्हण. तिथे सगळ्यांनाच जाळतात म्हणालीस ना? मग म्हण, रीतसर जाळलं. म्हातारी सुखाने जाईल."

नवऱ्याचंही तेच मत पडलं. आणि खरं सांगते, माझंही तेच होतं. कोणाचं काय बिघडत होतं त्यात? उलट मीच ते वाक्य आंघोळ करताना दोन-तीनदा म्हणून पाहिलं. जाळलं आजी, रीतसर जाळलं.

रविवार आला. आजी खुर्चीत, तिच्या मागे फोटो, आणि बाबा चौकटीच्या कडेला अर्धे, मला खुणा करायला.

"सापडले आजी," मी म्हटलं.

ती हलली नाही. "कशावरून?"

"हातावर मारुती होता. शेपूट कोपरापर्यंत."

तिने आपला डावा हात उजव्या हाताने धरला आणि धरून ठेवला. मी हळूहळू सगळं सांगितलं. गोदाम, कोट, तांब्या. कधी गेले ते सांगितलं. "तू रांगत होतीस तेव्हा. आजोबांनी गवत पेटवलं, त्याच्या कितीतरी आधी."

"म्हणजे जिवंत नव्हता."

"नव्हते आजी. ते केव्हाच गेले होते."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झालं, एवढंच हवं होतं तिला. इतक्यात तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मग त्याला जाळला तिथं?"

कडेचे बाबा जोरजोरात मान डोलवायला लागले. हो म्हण, हो. मी तोंड उघडलं.

"खरं सांग गो बाय," आजी म्हणाली. "बापसाविषयी खोटं मी लहानपणी पुष्कळ ऐकलं."

आणि माझ्याने ते वाक्य बोलवेना. "नाही आजी," मी म्हटलं. "पुरलं. तिथेच आहेत अजून. अग्नी नाही मिळाला त्यांना."

बाबांनी कपाळाला हात लावला. आजी माझ्याकडे बघत होती, म्हणजे फोनकडे, पण तिची नजर पार आरपार गेली होती. मला भडभडून आलं. काय करून बसले मी, असं झालं.

"मागून कोणी उकरून जाळला नाय?"

"नाही आजी. तशी कुठेच नोंद नाही."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे दुसऱ्या कोणाचा अग्नी त्याला लागला नाय."

"नाही."

ती थोडी पुढे झुकली. ओठ हलत होते, मनाशी काहीतरी जुळवत असल्यासारखे. मग ती एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, "मग दादाचाच लागला."

बाबांनी कपाळावरचा हात खाली घेतला.

"सोळा वर्षांचं पोर होतं ते," आजी म्हणाली. ते तिने मला सांगितलं की बाबांना, कळलं नाही. "थरथरत होता. काडी दोनदा विझली. मी बघत होते ना विहिरीमागून. आणि लागला गो. खाडीवरून निघाला तो याकोहामापर्यंत गेला." तिने पदराने नाक पुसलं आणि बाबांकडे वळून जरा खेकसूनच म्हणाली, "खुर्ची फिरव माझी."

"ऊन लागतंय का आत्या?"

"फिरव म्हटलं ना."

बाबांनी फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला आणि दोन्ही हातांनी खुर्ची फिरवली. मला आता तिचा पांढरा, बोटभर उरलेला अंबाडा दिसत होता, आणि त्याच्या वर आजोबा, समोर बघणारे. इतक्या वर्षांत मी तिला पाठमोरी पहिल्यांदाच पाहत होते. बाबा मध्येच उभे होते, काय करावं ते न कळून.

मग तिचा हात बाजूला आला आणि तिने मागे न बघता तो बाबांपुढे केला.

"देवातलं निरांजन आण," ती म्हणाली. "आणि काडेपेटी माझ्याकडे दे."